महिला-आरोग्य संशोधनाच्या सल्लागार समितीवर नेमणूक झाली तर

राज्याचा आरोग्य विभाग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) एखादी संस्था किंवा वैद्यकीय महाविद्यालय महिलांच्या आरोग्यावर अभ्यास हाती घेते, तेव्हा सल्ल्यासाठी समिती नेमली जाते. स्त्रीरोगतज्ज्ञ, संख्याशास्त्राचे जाणकार, वस्तीत काम करणारी एखादी कार्यकर्ती, एखाददुसरा निवृत्त अधिकारी असे सदस्य तिच्यावर असतात. नेमणुकीच्या पत्रात कामाचे स्वरूप दोन ओळींत आटोपलेले असते, आणि बैठकीत नेमके काय विचारायचे हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. प्रश्न कोणता, तो कोणाला विचारायचा आणि उत्तर कशाने मोजायचे, या तीन गोष्टी अभ्यास सुरू होण्याआधी बदलता येतात. एकदा माहिती गोळा झाली की उत्तम तज्ज्ञालाही त्यातले फारसे काही दुरुस्त करता येत नाही. म्हणून तुमचा बराचसा वेळ सुरुवातीच्या बैठकांसाठी राखून ठेवा.

पत्र हातात आल्यावर

समिती कोणत्या प्रकारची आहे हे आधी समजून घ्या. संशोधनाचे विषय आणि अग्रक्रम ठरवणारी सल्लागार समिती वेगळी, आराखडा तपासणारी शास्त्रीय समिती वेगळी, आणि सहभागी स्त्रियांच्या हक्कांची राखण करणारी नैतिकता समिती वेगळी. चालू चाचणीतले आकडे मध्येच पाहून ती थांबवायची की पुढे न्यायची हे सुचवणारी सुरक्षा-देखरेख समिती आणखी वेगळी. यांपैकी नैतिकता समितीला औषध-चाचण्यांच्या बाबतीत कायद्याचा आधार आहे. 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार तिच्यात किमान 7 सदस्य लागतात. निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत, अध्यक्ष बाहेरचाच हवा, आणि किमान एक स्त्री, एक कायदा जाणणारी व्यक्ती व एक सामान्य नागरिक असावा लागतो. सल्लागार समितीला असे कवच नसते. तिचा अधिकार तिच्या आदेशात लिहिलेला असतो तेवढाच. म्हणून आदेशाची प्रत मागून घ्या आणि त्यात तीन गोष्टी शोधा: अहवाल कोणाला द्यायचा, किती दिवसांत द्यायचा, आणि त्यावर उत्तर देण्याचे बंधन कोणावर आहे. तिसरी गोष्ट बहुतेक आदेशांत नसते. पहिल्याच बैठकीत ती घालून घेण्याची मागणी करा.

हितसंबंधांची घोषणा लेखी द्या. औषध कंपनीचे मानधन, स्वतःचे रुग्णालय, नातेवाइकाची प्रयोगशाळा, ज्या संस्थेला अभ्यासाचे काम मिळू शकते तिच्याशी असलेले नाते, हे सगळे त्यात आले पाहिजे. संबंध आहे म्हणून लगेच बाहेर पडावे लागत नाही. त्या मुद्द्याच्या चर्चेत आणि मतदानात भाग घेतला नाही, अशी नोंद इतिवृत्तात झाली की पुरते.

प्रश्न बांधणे

यासाठी बीडचे उदाहरण घेऊ. ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात, अशी ओरड झाल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सुमारे 17 टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाचपट किंवा सहापट असे म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. समितीच्या सदस्याने तिथेच थांबायला हवे. राष्ट्रीय आकडा ठरावीक वयोगटाचा आहे. जिल्ह्याच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या स्त्रियाही असतील, तर तिथले प्रमाण त्या कारणानेही वाढते. आधी वयाचे गट पाडा: 25 ते 29, 30 ते 34, असे पाच-पाच वर्षांचे. मग प्रत्येक गटाची तुलना त्याच वयाच्या इतर ग्रामीण स्त्रियांशी करा. तफावत खरी असेल तर ती अशा तुलनेतही टिकते, आणि मग तिला कोणी खोडू शकत नाही. तिशीतल्या बाईचे गर्भाशय काढले जाणे इतके गंभीर आहे की त्याचा आकडा कच्चा ठेवणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय ठरतो.

संख्या कळली तरी काम अर्धेच होते. शस्त्रक्रियेच्या वेळी वय किती होते, तक्रार कोणती होती, आधी औषधोपचार झाला का, सोनोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात झाली की खासगी, पैसे कुठून उभे केले, आणि अंडाशयही काढले का, हे प्रश्न प्रश्नावलीत आहेत की नाही ते पाहा. शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. कमी वयात दोन्ही अंडाशये काढली की पाळी जाण्याची सगळी लक्षणे लगेच सुरू होतात आणि हाडांची झीज लवकर होते, त्यामुळे पुढच्या उपचारांचे नियोजन याच उत्तरावर अवलंबून असते. बाईला ते सांगितलेलेच नसण्याची शक्यता मोठी असते, म्हणून डिस्चार्ज कार्ड पाहण्याची सोय ठेवा आणि कार्ड पाहिले की नाही यासाठी वेगळा रकाना ठेवा.

प्रश्नाची भाषा वस्तीत तपासून घ्या. ‘ऑपरेशन झालंय का?’ असे विचारले तर खेड्यातली बाई कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल उत्तर देते. ‘पिशवी काढली का?’ हा प्रश्न तिला नेमका कळतो. प्रश्नावली छापण्याआधी 20-25 जणींवर ती वापरून पाहण्याची अट घाला आणि त्यातून काय बदलले हे लेखी मागा.

पाहणी कधी करायची हेही समितीनेच सांगितले पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. जानेवारीत गावात केलेल्या पाहणीत घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आणि आजारी बायकाच सापडतात. मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, मध्यस्थीने मुलाखती घेऊ नका. ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्याच्यासमोर बाई ‘नाही’ म्हणू शकत नाही, तेव्हा अशी संमती संमती नव्हेच. मुलाखतीसाठी दिवस मोडला तर तो खाडा धरला जाईल का, तिची मजुरी कोण भरून देणार, याची तरतूद अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.

किती जणींना विचारायचे

संख्याशास्त्र येत नसले तरी हा हिशोब प्रत्येक सदस्याला तपासता यायला हवा. अपेक्षित प्रमाण 17 टक्के आहे आणि उत्तर 3 टक्के इकडेतिकडे चालेल असे धरू. 95 टक्के खात्रीसाठी 1.96 चा वर्ग, गुणिले 0.17, गुणिले 0.83, भागिले 0.03 चा वर्ग. उत्तर 603 येते. पण आपण सुट्या सुट्या स्त्रिया निवडत नाही. गावे निवडतो, आणि एका गावातल्या बायकांचे अनुभव एकमेकींसारखे असतात. म्हणून संख्या साधारण दुप्पट करावी लागते: 1,206. त्यातल्या 15 टक्के भेटणार नाहीत असे धरले तर 0.85 ने भागा: 1,419.

ही संख्या सगळ्यांचे मिळून एक उत्तर देते. आदिवासी स्त्रियांचे किंवा तिशीच्या आतल्यांचे वेगळे उत्तर हवे असेल, तर त्या प्रत्येक गटासाठी हा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. आणि एखादा उपचार एका गटात दुसऱ्यापेक्षा वेगळा चालतो का हे तपासायचे असेल, तर अट आणखी कडक होते. मूळ परिणामाइतकाच मोठा फरक दोन सारख्या गटांत शोधायचा झाला तरी साधारण चौपट नमुना लागतो. ‘उपगटांचे विश्लेषण नंतर करू’ हे वाक्य आराखड्यात दिसले की त्यासाठीची संख्या कुठे आहे ते विचारा.

मोजमाप चुकले की सगळेच चुकते

रक्तक्षयाइतके याचे दुसरे चांगले उदाहरण नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 53 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, पाचव्या फेरीत 57 टक्के. दोन्ही वेळा बोटाला टोचून घेतलेले रक्त छोट्या यंत्रात तपासले होते. या पद्धतीत चुका शिरायला जागा फार. पहिले थेंब पुसून टाकले नाहीत, किंवा रक्त येत नाही म्हणून बोट पिळले, तर पेशींभोवतीचा द्रव मिसळून आकडा खाली येतो. यंत्रात घालायच्या पट्ट्यांची डबी दमट हवेत उघडी राहिली तरी आकडे बिघडतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना शिरेतले रक्त घेऊन स्वयंचलित यंत्रावर तपासण्याला पसंती देतात.

तुमच्यासमोर असा प्रस्ताव आला की पाहा: रक्त शिरेतून की बोटातून? बोटातूनच घेणार असतील तर किमान दर दहा जणींपैकी एकीचे शिरेतले रक्तही घेऊन दोन्हींची तुलना होणार आहे का? नमुना प्रयोगशाळेत किती तासांत पोहोचणार, थंड पेटी कोण वाहणार? कोणती मर्यादा वापरली आहे? गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी 12 ग्रॅम प्रति डेसिलिटर, गरोदरपणाच्या पहिल्या आणि शेवटच्या तीन महिन्यांत 11, आणि मधल्या तीन महिन्यांत 10.5. गरोदरपणाच्या मधल्या टप्प्यात 11 ची मर्यादा लावली की निरोगी बायकाही रक्तक्षयात मोजल्या जातात.

लोह कमी आहे की नाही हेही तपासायचे असेल तर फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची खूण, मोजावे लागते. पण अंगात संसर्ग असताना फेरिटिन वाढते, म्हणून त्याच्यासोबत सीआरपीचीही, म्हणजे रक्तातल्या दाहाच्या खुणेची, तपासणी हवी. नुसत्या फेरिटिनचे पैसे मागणारा प्रस्ताव परत पाठवा.

तीव्र रक्तक्षय सापडलेल्या बाईचे काय करणार, हे प्रस्तावात लिहिलेले नसेल तर तो मंजूर करू नका. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर तिला त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवण्याची गाडी, सोबत जाणारी व्यक्ती आणि खर्चाची तरतूद, तिन्ही हवीत. माहिती घेऊन निघून जाणारे संशोधन त्या गावात पुढे येणाऱ्या दहा संशोधकांसाठी दारे बंद करते.

जे मोजलेच जात नाही

अग्रक्रम ठरवताना मृत्यूंचे आकडे पुढे केले जातात. त्यात प्रसूतीतले मृत्यू येतात, कर्करोग येतो. पण अंग बाहेर येणे, पांढरे जाणे, पाळीतली असह्य दुखणी, लघवीवर ताबा नसणे, बाळंतपणानंतरचे नैराश्य यांनी सहसा मरण येत नाही, म्हणून ती यादीत नसतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होते, सरासरी प्रत्येकी 3.6 आजार. यापूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदींवरून अग्रक्रम ठरवले असते तर यातले जवळजवळ काहीच दिसले नसते.

यावरून पाळायचा नियम: अग्रक्रमांच्या यादीबरोबर माहितीचा उगमही मागा. फक्त दवाखान्यांच्या नोंदी असतील तर दवाखान्यात न येणाऱ्यांसाठी निदान एक वस्तीपातळीवरचा अभ्यास यादीत घाला. स्त्री-तपासनीस, आडोसा आणि तपासणीनंतरचे औषध यांशिवाय असा अभ्यास होत नाही.

अमेरिकेत स्त्रियांना संशोधनात सामावून घेण्याचे काम कायद्याने बांधून घ्यावे लागले. 1977 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीच्या टप्प्यांतल्या औषध-चाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली होती. 1990 मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेत महिला-आरोग्य संशोधनाचे स्वतंत्र कार्यालय झाले. 1993 च्या कायद्याने त्या कार्यालयाला सरकारबाहेरच्या तज्ज्ञांची सल्लागार समिती दिली, आणि सरकारी पैशांवरच्या चाचण्यांत स्त्रियांचा समावेश सक्तीचा केला. स्त्रियांना घेतले तर खर्च वाढतो हे कारण चालणार नाही, असे त्या कायद्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे प्रस्ताव तपासताना हीच कसोटी लावता येते. ‘गरोदर व स्तनदा माता वगळल्या आहेत’ असे वाक्य दिसले की शास्त्रीय कारण लेखी मागा. ते औषध पुढे गरोदर बायकांना दिले जाणारच असेल, तर अभ्यासातून वगळणे म्हणजे तो प्रयोग माहितीशिवाय त्यांच्यावरच करणे होय.

वयाकडेही लक्ष द्या. पाळी गेल्यानंतरच्या संप्रेरक-उपचारांवरच्या अमेरिकी चाचणीत एका भागात 16,608 स्त्रिया होत्या. धोका फायद्यापेक्षा जास्त दिसल्याने देखरेख समितीच्या सल्ल्यावरून तो भाग 2002 मध्ये थांबवला गेला. त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. निष्कर्ष मात्र पन्नाशीतल्या, नुकतीच पाळी गेलेल्या बायकांनाही सरसकट लावला गेला. अभ्यास ज्यांच्यावर झाला आणि निर्णय ज्यांच्यासाठी होणार, त्यांची वये, प्रदेश आणि आजार एकाच तक्त्यात मागवा.

तुलना-गट आणि संमती

उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हे 2009 मध्ये त्यातून दिसले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने आरोग्य-सेविकांकडून दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगार लावून तपासणी करवली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2013 मध्ये जाहीर झाले. दोन्ही अभ्यासांचा जगाला उपयोग झाला. दोन्हींत तुलनेसाठी ठेवलेल्या हजारो स्त्रियांची तशी तपासणी झाली नव्हती आणि त्यावरून तीव्र टीकाही झाली. अशा प्रस्तावावर बसाल तेव्हा चार उत्तरे सुरुवातीलाच लेखी घ्या: तुलना-गटाला आज काय मिळणार, फायदा सिद्ध झाल्यावर किती महिन्यांत तपासणी मिळणार, त्याचे पैसे कोणाच्या अंदाजपत्रकातून येणार, आणि फायदा लवकर दिसला तर अभ्यास थांबवण्याचा आकडा कोणता.

संमतीची कागदपत्रे कशी कोसळतात हे एचपीव्ही लशीच्या प्रकल्पांत दिसले. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना लस देण्याचे प्रकल्प सुरू झाले. वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या आढळल्या, आणि 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. एप्रिल 2010 मध्ये काम थांबले तेव्हा लशीचा वेगळा, बहुकेंद्री अभ्यासही थांबला. बार्शी, पुणे आणि मुंबई ही त्यातली केंद्रे. लसीकरण थांबले तरी संशोधकांनी मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. अनेकींना एकच मात्रा मिळाली होती, आणि एका मात्रेनेही संरक्षण टिकते याचा भक्कम पुरावा त्यातूनच जमला. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला त्यात या पुराव्याचा वाटा होता. म्हणून आराखड्यात ‘अभ्यास मध्येच थांबला तर’ असा परिच्छेद हवाच: सहभागी स्त्रियांना कोण कळवणार, त्यांची तपासणी किती वर्षे चालू राहणार.

अठराच्या आतल्या मुलींचा अभ्यास असेल तर पालकांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. लैंगिक संबंधांविषयी विचारणार असाल तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 मुलाखत घेणाऱ्यांवर अशी माहिती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते. मुलीने बोलायला सुरुवात करण्याआधी हे तिला सांगितलेच पाहिजे.

शिफारस लिहिणे

‘ऊसतोड महिलांच्या आरोग्याकडे विशेष लक्ष द्यावे’ ही शिफारस कोणालाच बांधत नाही. तीच अशी लिहा: ‘जिल्हा शल्यचिकित्सकांनी खासगी व सरकारी रुग्णालयांतल्या सर्व गर्भाशय-शस्त्रक्रियांची वय, कारण आणि आधीच्या उपचारांसह दरमहा नोंद घ्यावी. पस्तिशीच्या आतल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची कागदपत्रे दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासावीत. पहिला तिमाही अहवाल आरोग्य संचालकांकडे अमुक तारखेपर्यंत जावा.’ कोण, काय, केव्हा, कोणाच्या पैशांतून, आणि झाले हे कशावरून ओळखायचे: या पाचांपैकी एक जरी गाळले तरी शिफारस फायलीत पडून राहते. शिफारशी आठ-दहाच ठेवा. चाळीस दिल्या की अधिकारी त्यांतल्या सोप्या निवडतात.

प्रत्येक शिफारशीपुढे तिच्यामागचा पुरावा किती भक्कम आहे तेही लिहा. पुरावा कच्चा पण गरज तातडीची असेल तर तसेच लिहा आणि सोबत अभ्यास सुचवा. बैठकीत आधी वस्तीत काम करणाऱ्या सदस्यांना बोलू द्या, ज्येष्ठ डॉक्टरांनी शेवटी बोलावे. क्रम उलटा झाला की पहिल्या मतानंतर खोली गप्प होते. मत जुळले नाही तर भिन्न मत लेखी द्या आणि ते अहवालाला जोडून मागा. इतिवृत्त एका आठवड्यात मागा आणि ते वाचूनच सही करा.

अहवाल दिल्यानंतर

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ख) मधील आठव्या उपखंडानुसार समित्यांची माहिती, आणि त्यांच्या बैठका किंवा इतिवृत्ते लोकांना खुली आहेत का, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचे असते. ते संकेतस्थळावर नसेल तर विभागाला पत्र लिहा. उत्तर आले नाही तर 10 रुपये शुल्क भरून साधा अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. अर्जात ‘शिफारस क्रमांक 4 वर झालेली कार्यवाही, संबंधित फाइलवरील टिपण्यांच्या प्रतींसह’ असे नेमके मागा. ‘काय कार्यवाही केली’ असे मोघम विचारले की उत्तरही मोघम येते.

सहा महिन्यांनी आणि वर्षाने कार्यवाहीचा तक्ता मागवा: शिफारस, जबाबदार अधिकारी, ठरलेली तारीख, खर्च झालेली रक्कम, अडलेले कारण. अधिकारी बदलतात, म्हणून रकान्यात नाव न लिहिता पद लिहा. ज्या गावांत माहिती घेतली तिथे निष्कर्ष मराठीत, एका पानावर, ग्रामसभेत आणि आशाताईंच्या बैठकीत वाचून दाखवण्याची तारीखही याच तक्त्यात असू द्या. तुमची मुदत संपताना हा तक्ता, सगळी इतिवृत्ते, भिन्न मते आणि न सुटलेल्या प्रश्नांची यादी नव्या सदस्यांच्या हाती द्या, आणि एक प्रत संस्थेच्या ग्रंथालयात नोंदवून ठेवा.